मदत परक्याची, मग देखरेख कोणाची?

घोडबंदरकर

आमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातले. सगळे त्यांना 'बहादूर' म्हणतात. ते त्यांचं नाव नाही, हे कळायला मला आठ वर्षं लागली, असो. परवा रात्री गेटवर त्यांनी मोबाइलमध्ये गावच्या घराचा फोटो दाखवला. एप्रिल 2015 च्या भूकंपात जुनं घर बसलं, हे नवं अनुदानातून बांधलेलं. त्या अनुदानात आपला पैसा आहे. भारताने नेपाळला 1 अब्ज डॉलर कबूल केले होते, त्यातले 25 कोटी अनुदान आणि बाकीचे कर्जाऊ. गोरखा आणि नुवाकोट या दोन जिल्ह्यांत मिळून 50,000 घरं.

घरामागे 3 लाख नेपाळी रुपये, म्हणजे आपले 1,87,500. हप्ते तीन: आधी 50 हजार, मग दीड लाख, मग 1 लाख. जोतं झालं की इंजिनियर येऊन बघणार, त्याने पास केलं तरच दुसरा हप्ता. यांच्या जोत्यावर पट्टी (भूकंपात भिंती धरून ठेवणारा आडवा पट्टा) घातलेली नव्हती. इंजिनियरने फॉर्म परत केला. वॉचमनकाका रजा टाकून गावी गेले, आम्ही महिनाभर बदली माणसावर काढला.

मला हे फार पटलं. पैसा देणाऱ्याने आपला माणूस थेट जोत्यापर्यंत पाठवलाच पाहिजे. भारताने गोरख्यात यूएनडीपी आणि नुवाकोटमध्ये यूएनओपीएस या संयुक्त राष्ट्रांच्या संस्था नेमल्या, ते उगाच नाही. गरीब देशाच्या सरकारला चेक देऊन मोकळं व्हायचं म्हणजे पैसे खाडीत टाकायचे. तुम्हाला काय वाटतं?

ओळंबा

पस्तीस वर्षं साइटवर काढली आहेत, म्हणून बोलतो. तुमच्या गोष्टीतच तुमचं उत्तर चुकलंय. फॉर्म परत करणारा इंजिनियर नेपाळ सरकारचा. यूएनडीपीची माणसं घरमालकाला कागद कसे भरायचे, दगडमातीच्या भिंतीत पट्टी कुठे घालायची हे समजावत होती. सही सरकारची होती. काकांना विचारा.

आणि देणाऱ्याची देखरेख म्हणाल, तर अमेरिकेने अफगाणिस्तानात केली तेवढी कोणी केली नसेल. पुनर्बांधणीवर सुमारे 145 अब्ज डॉलर. 2008 मध्ये त्यासाठी खास महानिरीक्षकाचं कार्यालय काढलं, 'सिगार' म्हणतात त्याला. त्यांनी काय काय शोधलं! अफगाण हवाई दलासाठी 20 जुनी मालवाहू विमानं घेतली, खर्च 48.6 कोटी डॉलर. उडेनात. त्यातली 16 भंगारात गेली, हाती आले 32 हजार डॉलर. अहवाल चोख होता, पण विमानं भंगारात गेल्यावर अहवाल घेऊन करायचं काय? साइटवर आम्ही म्हणायचो, स्लॅब पडल्यावर क्यूब टेस्टचा, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा, रिपोर्ट नको.

घोडबंदरकर

@ओळंबा, सिगार नसतं तर ती विमानं तुम्हाला-मला कळलीही नसती. उशिरा कळणं आणि अजिबात न कळणं यात फरक आहे की नाही?

माळवद

मी औसा तालुक्यातली, आता ऐरोलीत. तुम्ही दोघं नेपाळ आणि काबूलला जाऊन आलात, किल्लारी कोणालाच आठवली नाही. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप. तेव्हा मदत घेणारा गरीब देश आपणच होतो. जागतिक बँकेने सुमारे 24.6 कोटी डॉलर दिले होते.

52 गावं उठवून नवी वसवली. घरं जमिनीच्या हिशेबाने: 250, 400 आणि 750 चौरस फूट. ज्याला जमीन नाही किंवा थोडकी, त्याला 250. देखरेखीला माणसं भरपूर, सिमेंट चांगलं, नकाशे सरळ रेषेत. पण बैल कुठे बांधायचे? दारातली बसायची ढाळज कुठाय? मामाच्या गावात गल्ली एवढी रुंद की समोरच्या घरातली आजी हाक मारली तर ऐकू यायची नाही. शेवटी लोकांनी पुढे पत्र्याचे शेड काढले आणि बायका त्यातच चुली मांडून बसल्या. तपासणीच्या रकान्यात ते घर 'पूर्ण'.

दुसरीकडे ज्या गावांत घरं पडली नव्हती, फक्त तडे गेले होते, तिथे मालकाने स्वतः दुरुस्ती करायची, पैसे हप्त्याने बँकेत. तिथे गावोगावी बायकांना 'संवाद सहायक' नेमलं. आमची मावशी होती. सातवी शिकलेली. पण गवंडी कोपऱ्याच्या दगडात बांध घालतोय की नुसता चिखल भरतोय, हे ती उभी राहून बघायची. गवंडी तिला टरकून असायचे. तर माझं म्हणणं, देणारा नको आणि सरकारही नको. ज्याला त्या छपराखाली झोपायचंय त्याने बघावं.

वाशीचा_ऑडिटर

@माळवद ताई, मावशींना नमस्कार. पण मावशीच्या तोंडी खात्रीवर हिशेब बंद होत नाही. मी परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांची पुस्तकं तपासतो. परदेशी निधीच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीपासून हा पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एकाच शाखेत उतरतो आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. लोक सरकारला शिव्या घालतात. मी घालत नाही, कारण आधीची व्हाउचरं मी पाहिली आहेत. एका संस्थेत 'शिवार फेरी' या नावाखाली लोणावळ्याच्या हॉटेलचं बिल होतं.

@ओळंबा, घेणाऱ्या देशाने नीट बघितल्याचं उदाहरण हवं असेल तर आचे घ्या. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाने कुंतोरो मांगकुसुब्रोतो यांच्या हाताखाली वेगळी संस्था काढली, मुख्यालय जकार्तात न ठेवता बांदा आचेत नेलं, भ्रष्टाचार पकडायला आतच स्वतंत्र विभाग ठेवला. चार वर्षांत 1 लाखावर घरं बांधून 2009 मध्ये संस्था बंदसुद्धा केली. सरकारी संस्था ठरल्या वेळी बंद होते, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

माळवद

लोणावळ्याचं बिल तुम्ही पकडलंत, शाब्बास. पण त्या 20 टक्क्यांत संस्थेने तुमच्यासाठी फाइल लावणारा क्लार्क बसवायचा की गावात फिरणारी बाई नेमायची? क्लार्कच बसतो. कारण मावशीचं व्हाउचर होत नाही.

वाशीचा_ऑडिटर

होतं. मानधनाची पावती, दोन ओळी. कोणी मागत नाही हे खरं.

घोडबंदरकर

आज सकाळी काकांना विचारलं. ओळंबा बरोबर, इंजिनियर सरकारी होता, मी उगाच ठोकून दिलं. दुसऱ्या वेळी पट्टी बघितली, सही केली, चहाही घेतला नाही म्हणाले. तरी माझा हेका सोडत नाही. हप्त्याची अट आणि भारताचा पैसा मागे नसता, तर पट्टी कोणी घातली नसती, हे काका स्वतःच सांगतात.

मग @माळवद यांचं वाचून दाखवलं. हसले. फोटोत न दिसणारी बाजू सांगितली: घर एकाच खोलीचं आहे, तीन लाखांत तेवढंच बसलं. बायको स्वयंपाक अजून शेजारच्या गोठ्यात करते.