हॉस्टेस केकच्या खोक्यांवरची बेसबॉल कार्डं : कापू की तशीच ठेवू?

अबोली

नमस्कार मंडळी, बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर हसून घ्या. आम्ही कॅलिफोर्नियात हेवर्डला राहतो, मागच्या शनिवारी शेजारच्या गल्लीत एस्टेट सेल (घरातलं जुनं सामान विकतात तो) होता. मी गेले होते काचेच्या बरण्या बघायला आणि आले बुटांचा एक खोका घेऊन, बारा डॉलर. वर हिवाळी मोजे होते म्हणून कोणी हात लावला नसावा.

आत हॉस्टेस या केकवाल्या कंपनीच्या खोक्यांचे तळ आहेत. म्हणजे पूर्ण खोका नाही, फक्त खालचा पुठ्ठा कापून ठेवलेला, प्रत्येकावर एका ओळीत तीन बेसबॉल खेळाडूंची कार्डं आणि मध्ये तुटक रेघा. असे चाळीस तरी असतील. शिवाय सुटी कापलेली वीसेक, त्यातली काही एकदम सरळ कापलीयत आणि काही बघून वाटतं की कात्री धरणारा पाच वर्षांचा होता, एका खेळाडूचा तर अख्खा कान गेलाय. सुट्यांतल्या पाच-सहांवर तेलाचे डाग आहेत, उजेडात धरलं की पुठ्ठा आरपार दिसतो. आणि तळाशी मदर्स कुकीज या बिस्किटवाल्यांची गोल कोपऱ्यांची कार्डं, दोन-तीन खूप जुनी वाटतात, एकावर हॉलीवूड लिहिलंय (सिनेमातला कोणी आहे का?), बाकीची नवी चकचकीत, रबरबँड लावलेली.

तर झालंय असं की मुलगा ११ वर्षांचा, बेसबॉलवेडा, त्याला फाइलमधल्या नऊ कप्प्यांच्या प्लास्टिकच्या पानात लावायचीत म्हणून तो कात्री घेऊनच बसलाय. नवरा म्हणतो विकून मोकळी हो. मी दोघांनाही थांबवलंय. कापावीत का? आणि डाग कशाने जातील?

जुनाट

अबोलीताई, आधी ती कात्री लपवा, मग पुढचं वाचा.

हॉस्टेसने ही कार्डं १९७५ ते १९७९ अशी पाच वर्षं काढली, दरवर्षी १५०. एका खोक्याच्या तळाला तीन, त्या न कापलेल्या तिघांच्या पट्टीला पॅनेल म्हणतात, म्हणजे वर्षाला ५० पॅनेल. पोरांनी केक खाल्ले, कार्डं कापली, मित्रांत वाटली, त्यामुळे सुटी कार्डं आजही ढिगाने मिळतात पण न कापलेलं पॅनेल तेवढं सहज मिळत नाही. तीन सुट्यांपेक्षा अख्ख्या पॅनेलला सहसा जास्तच किंमत येते, आणि एकदा कापलं की परत जोडता येत नाही हे वेगळं सांगायला नको. ग्रेडिंगला (म्हणजे कार्ड तपासून दर्जाचा नंबर देणाऱ्यांकडे) पाठवायचं झालं तरी हाताने कापलेल्या कार्डाला त्रास असतो, तुटक रेघ दिसत असेल तर ठीक, रेघेच्या आत कात्री गेली असेल तर कार्ड खरं आहे एवढंच लिहून देतात, नंबर देत नाहीत. कान गेलेल्या गड्याचं काय होणार ते तुम्हीच ओळखा.

वर्ष कसं कळणार, तर पॅनेल उलटं करा. मागे आकडेवारी आहे, ती ज्या वर्षापर्यंत आहे त्याच्या पुढचं वर्ष कार्डाचं. १९७५ मध्ये रॉबिन यौंट सापडला, १९७६ मध्ये डेनिस एकर्सली, १९७८ मध्ये एडी मरे किंवा १९७९ मध्ये ऑझी स्मिथ, तर ते पॅनेल बाजूला काढा आणि त्याला मोज्यांशेजारी ठेवू नका. ही त्या त्या खेळाडूची अगदी सुरुवातीची कार्डं. नोलन रायन, पीट रोज, रेजी जॅक्सन हे तर असणारच. अजून एक गंमत म्हणजे सगळी पॅनेल सारख्याच संख्येत उरलेली नाहीत. कुठलं पॅनेल कुठल्या केकच्या खोक्यावर आलं यावर होतं ते, जो केक लोक कमी घ्यायचे त्याच्यावरचे तीन खेळाडू आज दुर्मिळ, मग ते मैदानावर कितीही सुमार असोत. म्हणून नुसती मोठी नावं बघून बाकीची मुलाला कापायला देऊ नका, आधी दुर्मिळ पॅनेलच्या यादीशी ताडून बघा.

ठेवायचं म्हणाल तर पॅनेल साधारण सव्वासात इंच लांब आणि सव्वातीन उंच, नऊ कप्प्यांत जाणार नाहीच. तीन आडव्या खणांची पानं मिळतात, खण मोजून घ्या, त्याच फाइलमध्ये बसतात. पोरगंही खूश.

चौकार

डागाबद्दल मी सांगतो कारण मी ते करून बसलोय. माझ्याकडे असंच एक डागाळलेलं होतं, आईची शर्टावरची युक्ती आठवली, टाल्कम पावडर टाकली, वर टिपकागद, वर कोमट इस्त्री. डाग थोडा फिका झाला खरा पण कागदाबरोबर खेळाडूच्या टोपीचा निळा रंगही निघून आला आणि पुठ्ठ्याला कायमचा बाक आला, आता ते कार्ड टेबलावर ठेवलं की होडीसारखं डुलतं. काहीही लावू नका. पाणी नाही, खोडरबर नाही, पावडर तर नाहीच नाही.

आणि ती डागवाली सुटी कार्डं जरा नीट बघा. ट्विंकीजच्या (हॉस्टेसचेच क्रीमचे केक) छोट्या पाकिटातही एकेक कार्ड यायचं, केकच्या खाली, पाकीट ताठ राहावं म्हणून पुठ्ठा लागतोच तर तोच पुठ्ठा कार्डाचा. ती वेगळी धरतात, मागच्या बाजूला काळ्या पट्ट्या असतात त्यावरून ओळखता येतं. केक थेट त्याच्यावर बसलेला त्यामुळे तेल लागणारच, मला तर बिनडागाचं दिसलं की आधी शंका येते. आणि ही मुळातच सुटी, पोराने कापलेली नव्हेत, त्यामुळे कडा सरळ असतील.

माऊ

मी कलेक्टर वगैरे नाही, आई आहे. पॅनेल ठेवा पण ते कान गेलेलं आणि तसली वेडीवाकडी कापलेली पोराला देऊन टाका ना, हाताळू दे, शाळेत नेऊ दे. सगळंच प्लास्टिकमध्ये घातलं तर त्याला वाटेल आईने खजिना जप्त केला.

खडूस_काका

माऊताईंशी सहमत. असं वर्षातून एकदाच होतं, नोंद घ्या.

हॉलीवूडवाला सिनेमातला नाही हो, हॉलीवूड स्टार्स नावाचा बेसबॉलचा संघच होता. १९५८ मध्ये डॉजर्स लॉस एंजेलिसला आणि जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला आले, त्याआधी मेजर लीगचा (अमेरिकेतली बेसबॉलची सगळ्यात वरची स्पर्धा) एकही संघ तुमच्या किनाऱ्यावर नव्हता. इकडचे लोक पॅसिफिक कोस्ट लीग बघायचे, ओकलंड ओक्स, सीअ‍ॅटल रेनियर्स, सॅन फ्रान्सिस्को सील्स वगैरे. मदर्स कुकीज ही ओकलंडचीच कंपनी, तिने १९५२ आणि १९५३ ला या लीगची कार्डं बिस्किटांबरोबर दिली, ६४ आणि ६३, दोन्ही गोल कोपऱ्यांची. १९५२ च्या सेटमध्ये एंजल्सचा चक कॉनर्स आहे, हा मात्र पुढे खरंच नट झाला आणि टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकेत बंदूक घेऊन फिरला. तुमच्याकडे तो निघाला तर बेसबॉलवाले आणि वेस्टर्नवाले दोघेही दारात येतील.

बेकरीवाल्यांचा हा उद्योग हॉस्टेसच्या खूप आधीचा. जेफरसन बर्डिक म्हणून सिरॅक्यूजचा एक गृहस्थ होता, संधिवाताने बोटं वाकडी झालेली, त्याने तीन लाखांवर कार्डं जमवली आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकली, वर स्वतः तिथे बसून आल्बममध्ये चिकटवली. (हो, डिंकाने. आजचे कलेक्टर हे ऐकून पाणी मागतात.) कार्डांची वर्गवारी त्याचीच, तंबाखूची टी, जुन्या गोळ्या-चॉकलेटची ई आणि बेकरीची डी. त्यामुळे कोणी डी ३०४ म्हणालं तर ती जनरल बेकिंग कंपनीची, १९११च्या सुमाराची २५ कार्डं. डी ३२२ म्हणजे १९१०ची टिप-टॉप ब्रेडची, आदल्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकलेला पिट्सबर्ग पायरेट्स. टिप-टॉपचा मालक वॉर्ड, त्याने तर पुढे फेडरल लीग नावाच्या स्पर्धेत ब्रुकलिनचा संघच घेतला आणि नाव काय, ब्रुकलिन टिप-टॉप्स! पावाच्या नावाचा संघ. १९१४ आणि १९१५, दोन मोसमांत लीगच बंद पडली.

१९१६च्या सुमारास शिकागोच्या मेंडेलसनने अजून एक डोकं लावलं. पुढे खेळाडूचा फोटो, मागची बाजू कोरी, आणि ज्याला हवी त्या धंदेवाल्याने मागे आपली जाहिरात छापून घ्यायची. न्यू ऑर्लीन्सच्या वील बेकिंगने घेतली, अजूनही काही बेकऱ्यांनी घेतली. त्यात १५१ नंबरला बेब रूथ आहे, तोही रेड सॉक्स संघाचा पिचर (चेंडू फेकणारा) असतानाचा. पुढून कार्ड तेच, पण मागे बेकरीचं नाव असलेलं कोऱ्यापेक्षा दुर्मिळ. म्हणून मी पोरांना सांगतो की कार्ड आधी पालथं घाला. तुमच्या पॅनेलचंही तेच, खोक्याचा तळ आहे तोवर ते केकवाल्याचं आहे, कापलं की नुसता एक खेळाडू.

आता माझी फजिती. १९४७ ला जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून उतरला, त्याच वर्षी बॉन्ड ब्रेडने त्याच्या एकट्याची १३ कार्डं काढली. त्यातलं एक मला फ्ली मार्केटमध्ये दिसलं, कोपरे मऊ, कागद चहात बुडवल्यासारखा पिवळा, विकणारा म्हणाला आजोबांचं आहे. मी घासाघीस करून घेतलं आणि स्वतःला लई शहाणा समजत घरी आलो. रात्री नातवाचा जांभळा दिवा, तो विंचू शोधायचा असतो ना, त्याखाली धरलं तर कार्ड ट्यूबलाइटसारखं चमकलं! कागद पांढरा दिसावा म्हणून जे रसायन घालतात ते त्या काळच्या पुठ्ठ्यात नसतं, म्हणजे कार्ड नकली. पिवळेपणा खरंच चहाचा निघाला, वासही येत होता, मलाच सर्दी होती. तुमच्या सत्तरच्या दशकातल्या कार्डांवर हा प्रयोग करू नका, ती चमकली तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

अबोली

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, खरंच थँक्यू. कात्री फ्रीजवर ठेवलीय.

काल रात्री आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो, 'विकून मोकळी हो' म्हणणारे नवरोबा पण बसले. पॅनेल ४३ निघाली, मुलाने मागचे आकडे वाचून वर्षांचे ढीग केले, १९७८चा सगळ्यात मोठा आणि त्यात एडी मरे आहे!! डागवाल्या सहांपैकी चौघांच्या मागे काळ्या पट्ट्या आहेत, म्हणजे चौकार म्हणतात तीच. जुन्यांत चक कॉनर्स नाही निघाला, हॉलीवूडवाला कोणी दुसराच. कान गेलेला आता मुलाच्या पेन्सिल बॉक्सवर चिकटवलाय, माऊताई.

मदर्सचा चकचकीत गठ्ठा १९८४च्या ओकलंड ए'ज संघाचा, त्यांचा स्टार रिकी हेंडरसन वगैरे. मोजली तर बरोबर वीसच, आणि मुलगा म्हणतो सेट २८चा आहे. मी म्हटलं आठ हरवली असतील. मग गठ्ठ्यात घडी घातलेलं एक कूपन सापडलं, त्यावर पेन्सिलीने नाव-पत्ता लिहिलाय, लहान मुलाच्या अक्षरात, पत्त्यातला एक आकडा खोडून परत लिहिलाय. हे काय प्रकरण आहे?

जुनाट

हरवली नाहीत, मिळालीच नव्हती. मदर्सवाले तेव्हा स्टेडियममध्ये पोरांना वीस कार्डं वाटायचे आणि सोबत कूपन, ते पोस्टाने पाठवलं की अजून आठ यायची. तीही तुम्हाला हवी तीच येतील असं काही नाही, म्हणजे मित्रांशी अदलाबदल करावीच लागे. ही कार्डं ज्या पोराची होती त्याने कूपन भरलं आणि पाठवायचं राहून गेलं.

अबोली

माझा मुलगा आत्ता विचारतोय की आपण पाठवलं तर?

खडूस_काका

कंपनी २००८ ला बंद पडली रे बाळा, नाव दुसऱ्यांनी घेतलं. राहिलेली आठ आता तुलाच शोधायला लागतील, १९८४ची फार महाग नसतात. कूपन त्या वीसांबरोबरच ठेव. आणि तो रबरबँड आधी काढ, कडेच्या दोन कार्डांना खाच पडली असेल बघ.

अबोली

पडलीय. एका बाजूला हेंडरसनच होता.