मदत हवी आहे : बँड पथकातील दोन व्याह्यांचा वाद

अमळनेरजवळच्या आमच्या गावात १४ वादकांचे बँड पथक असून त्याचा हिशेब मी पाहतो. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणारे दोघे भागीदार एकमेकांचे व्याही आहेत. मुख्य चाल कोणी वाजवायची यावरून त्यांच्यात पूर्वीपासूनच चुरस होती, परंतु सून दिवाळीपासून माहेरी राहिल्यामुळे आता ते एका ओळीत उभे राहण्यासही तयार नाहीत. (वरातीत मात्र दोघेही सूर चुकत नाहीत, हे मान्य करावे लागेल.)

गाणी वाटून दिली, वडीलधाऱ्यांना मध्ये घातले. उपयोग झाला नाही. मुलांच्या संसारात आम्हाला पडायचे नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासच्या ९ लग्नांचा इसार घेतलेला असल्यामुळे हंगाम संपेपर्यंत पथक मोडणे शक्य नाही. भागीदारी तोंडी आहे, तिला मुदत ठरलेली नाही आणि नोंदणीही नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४३ नुसार अशी भागीदारी लेखी नोटिशीने संपवता येते, एवढे वाचले आहे.

अशी नोटीस हंगामानंतरची तारीख घालून आताच द्यावी का, आणि दरम्यान एकाने वाजवण्यास नकार दिल्यास घेतलेल्या इसाराची जबाबदारी दोघांवरही राहील, असे लेखी कसे करून घ्यावे?