जुन्या भिंतीला स्पीकर टांगण्याआधी भिंत कशाची आहे ते तरी पाहावे

तापीकाठ

काल या मंचावर एका सदस्यांनी लिहिले की जुन्या घरात छोटे स्पीकर भिंतीवर लावणे हे दहा मिनिटांचे काम असून ड्रिल, गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी) आणि स्क्रू यापलीकडे काही लागत नाही, बाकी सगळा उगाच केलेला बाऊ आहे. त्यांची भिंत सिमेंटात बांधलेल्या पक्क्या विटेची असणार. रावेर, यावल, चोपडा या जळगावकडच्या पट्ट्यातल्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांत मात्र एकाच भिंतीत खाली दगड, मध्ये मातीच्या गाऱ्यातली वीट, वर निव्वळ माती आणि या सगळ्यावर चुन्याचा गिलावा असा संसार असतो, आणि बाहेरून ती भिंत एकसारखीच दिसते.

म्हणून आधी ४ मिलिमीटरच्या बिटने, ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देण्याची सोय, बंद ठेवून, एक चाचणीचे भोक पाडावे आणि बिटवर येणारी भुकटी पाहावी. आधी पांढरी येते, तो चुना. पुढे लाल आणि कोरडी आली तर वीट लागली. भुरी, मऊ भुकटी येऊ लागली आणि बिट जोर न लावताच आत सरकू लागले, तर ती माती किंवा सांधा आहे. तेथे गिट्टी फुगते खरी, पण तिला धरायला काहीच नसते. हॅमर चालू ठेवला तर जुनी कमी भाजलेली वीट आतल्या आत फुटते आणि ६ मिलिमीटरचे भोक पाहता पाहता अंगठा जाईल एवढे होते.

वजन थोडे आहे, हा युक्तिवादही फसवा आहे. ३ किलोच्या स्पीकरचे वजन भिंतीपासून २० सेंटिमीटर पुढे येत असेल आणि ब्रॅकेटच्या वरच्या व खालच्या स्क्रूंत ८ सेंटिमीटरच अंतर असेल, तर वरच्या स्क्रूला सुमारे साडेसात किलोची ओढ बाहेरच्या दिशेने बसते, शिवाय आवाजाची थरथर रोजची. दुहेरी चिकटपट्टीचे तर नावच काढू नये, कारण ती भिंतीला चिकटत नाही, सफेदीला चिकटते, आणि जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की पट्टीही सैल पडते.

मशीनवाला

आपण ज्यावर एवढे चिडलात ते कालचे लिखाण माझेच आहे, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. आमच्या पारोळ्याच्या घरातल्या भिंती मातीच्याच आहेत आणि त्याच भिंतींतल्या खुंट्यांना आजोबांच्या काळापासून घोंगड्या, पिशव्या आणि बैलांचा साज लटकत आला आहे. दहा-बारा किलो पेलणाऱ्या भिंतीला तीन किलोचा डबा जड होतो, हे कोणी पटवून द्यावे. स्वतः कधी मशीन हातात न धरलेले लोक दुसऱ्याला भीती घालण्यात पटाईत असतात, एवढेच म्हणतो.

तापीकाठ

खुंटीचा दाखला आपल्याच विरुद्ध जातो, भाऊ. ती खुंटी बांधकाम चालू असताना भिंतीत वीतभर आत बसवलेली असते आणि तिच्याभोवती माती ठोकून घट्ट केलेली असते. आपण वाळलेल्या भिंतीत ५० मिलिमीटर खोल भोक पाडून त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकणार. शिवाय साज खुंटीच्या मुळाशी, भिंतीला लागून लटकतो. स्पीकर मात्र भिंतीपासून दूर, पुढे आलेल्या हातावर असतो.

अमळनेरकर

मुख्य प्रश्न बाजूला राहतो आहे असे मला वाटते. अशा घरांतल्या बहुतेक भिंती आता मातीच्याही राहिलेल्या नाहीत, त्यांवर कोणी ना कोणी सिमेंटचा गिलावा चढवून ठेवला आहे. वडिलांनी हौसेने तसे केले आणि काही वर्षांतच खालचे दोन-अडीच फूट लोणा लागून, म्हणजे ओलीबरोबर आलेले क्षार फुटून, पोपडे पडू लागले, कारण जमिनीतून चढणारी ओल चुन्यातून उडून जाते, सिमेंटाआड मात्र कोंडली जाते. गवंडी आला, त्याने बोटाने टकटक केले आणि म्हणाला, "भाऊ, हाई भिंत मातीनी शे, तिले श्वास लागस." अशा भिंतीत गिट्टी घट्ट बसल्यासारखी वाटते, पण ती धरते केवळ वरच्या सिमेंटाच्या पापुद्र्याला, आणि उद्या पापुद्रा सुटला की स्पीकरसह खाली येतो. ज्याने खेड्यापाड्यांत सिमेंट हेच प्रगतीचे लक्षण ठरवले, त्याला एकदा आमच्या ओसरीत आणून बसवले पाहिजे.

सारवणाला कंटाळलेली

दादा, ओसरीत त्याला जरूर बसवा, पण आधी तीच ओसरी शेणाने सारवायला लावा. मातीच्या भिंतीचे गोडवे गाणाऱ्यांत भिंत लिंपणारी एकही नसते. आमच्या एरंडोलच्या घरी पोळा आला की आजी, आई आणि काकू पांढरी माती कालवून भिंती पोतारत असत आणि पुरुषमंडळी बैल सजवण्यात दंग असत. उंदरांनी पोखरलेल्या बिळांतून एकदा साप निघाला, त्याच महिन्यात आईने हट्टाने सिमेंट करून घेतले, आणि मला तिचा निर्णय आजही योग्य वाटतो. ओल कोंडते हे शास्त्र बरोबर असेलही, पण भिंतीला श्वास मिळावा म्हणून बायकांनी दमायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

अमळनेरकर

ताई, आपल्या कष्टांबद्दल दुमत नाही. परंतु माझे म्हणणे चुन्याचा गिलावा करा असे होते, दरवर्षी पोतारा असे नव्हते. नीट मळलेला चुना वर्षानुवर्षे टिकतो.

सारवणाला कंटाळलेली

चुना मळून देणारा गवंडी सापडला की कळवावे. आमच्याकडे येतो तो आधी सिमेंटाच्या गोण्या मोजतो. आणि पुण्यात फ्लॅटमध्ये राहून वाड्याच्या भिंतीचा कळवळा येणे सोपे असते.

अमळनेरकर

मी अमळनेरातच राहतो. हे विधान मागे घ्यावे.

सारवणाला कंटाळलेली

पुण्याचे मागे घेते. सारवणाचे घेत नाही.

गिरणाथडी

भिंतींची भांडणे संपली असतील तर तारांकडे पाहावे, कारण जीव तेथे जातो. जुन्या घरांत पूर्वी लाकडी पट्टीवरून नेलेले वायरिंग नंतर कोणी कोणी गिलाव्यात पुरले, त्याचा नकाशा कोणाकडे नसतो, आणि बोर्डाच्या सरळ वर अथवा आडव्या रेषेत तार असण्याचा संभव सर्वाधिक असतो. त्या रेषेत भोक पाडू नये आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय भिंतीत बिट घालू नये; ड्रिलला वीज हवी म्हणून मेन चालूच ठेवणाऱ्यांनी बॅटरीवरचे मशीन मागून आणावे. बिनतारी स्पीकर घेतल्याने तार संपते हाही गैरसमज आहे, ब्लूटूथचा असला तरी त्याला बहुधा प्लग लागतोच. पेटीत अँप्लिफायर नसेल तर मात्र भिंतीवर फक्त स्पीकरची तार येते. ती शुद्ध तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची घेऊ नये.

मशीनवाला

सगळ्यांनी मिळून मला भिंतीपासून दूर केले आहे. मग करायचे काय, ते एकाने तरी सांगावे. केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून त्यात स्क्रू पक्का करण्याचा प्रकार, वापरला तर चालेल का, की तोही आपल्या चुन्याला बाधतो?

तापीकाठ

विटेत चालेल, परंतु भोकातली भुकटी ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढली तरच, नाहीतर रसायन धुळीला धरते आणि धूळ कोणालाच धरत नाही. एक्स्पान्शनचा, म्हणजे आवळल्यावर भोकात फुगणारा, फास्टनर नको, तो आवळताना मऊ वीट चिरतो. मातीत मात्र दोन्ही व्यर्थ.

माती असेल तर वजन लाकडावर न्यावे. आपल्या घरात सागवानी खांब असतील. त्यांत स्क्रूच्या जाडीपेक्षा कमी, साडेचार मिलिमीटरच्या स्क्रूसाठी ३ मिलिमीटरचे, भोक आधी पाडून स्क्रूला साबण लावून कसावा, कारण जुना साग स्क्रूची मान मोडतो. तुळईला लावायचे झाल्यास तिच्या खालच्या कडेला भोक पाडू नये, ताण तेथेच सर्वात जास्त असतो. बाजूच्या अंगाला, उंचीच्या मध्यावर पाडावे. त्याआधी स्क्रू ड्रायव्हरने टोचून वाळवी नाही याची खात्री करावी. खांब सोयीच्या जागी नसेल तर जमिनीपासून तुळईपर्यंत सागाची उभी पट्टी पक्की उभी करावी आणि तिच्यावर ब्रॅकेट बसवावा, म्हणजे भिंतीला हातही लागत नाही. काही झाले तरी स्पीकरला वेगळी बारीक तारेची दोरी बांधून ती लाकडाला अडकवावी, खाली लेकरू झोपत असेल तर विशेष.

मशीनवाला

खांब सोडून बोलावे, त्यांना आमच्या अण्णांनी कालच तेल लावले आहे आणि ते मला तिकडे फिरकूही देणार नाहीत. उभी पट्टी लावतो, म्हणजे आपणही शांत झोपाल. पण माझ्या पेटीला मागे छिद्र आहे आणि भिंतीला चिकटवले की ढोल घुमल्यासारखा आवाज येतो, त्याचे काय?

तापीकाठ

मागच्या छिद्राला साधारण १५ सेंटिमीटर मोकळे अंतर ठेवून पाहावे, कोपरा टाळावा, आणि तरीही घुमत असेल तर छिद्रात फोमचा बोळा घालावा. पण अंतर वाढवले की वरच्या स्क्रूवरची ओढही वाढते, तेव्हा ज्याच्या वरच्या-खालच्या स्क्रूंत किमान १५ सेंटिमीटर अंतर आहे असाच ब्रॅकेट घ्यावा.

मशीनवाला

घेतो. तूर्त तरी आपले म्हणणे मान्य, असे समजावे.