मदत हवी आहे: कोलंबियातली छुपी लढाई, खरी किती अन् कादंबरीतली किती?

मंडळी, टॉम क्लॅन्सीची 'क्लिअर अँड प्रेझेंट डेंजर' (१९८९) परवा रात्री संपवली. जाडजूड ठोकळा आहे, पहिली शंभरेक पानं रेटावी लागली. पण स्पॅनिश बोलणारे अमेरिकन सैनिक अमली पदार्थांच्या टोळ्यांशी लढायला कोलंबियाच्या डोंगरात गुपचूप उतरतात आणि मग वॉशिंग्टनमधले साहेब हात झटकून त्यांना वाऱ्यावर सोडतात, तिथून पुस्तक खाली ठेववेना. (१९९४चा हॅरिसन फोर्डचा सिनेमा त्यापुढे फिका वाटला.)

आता खरा इतिहास वाचायचाय. ढोबळ माहिती आहे: १९८६ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अमली पदार्थांचा व्यापार हा राष्ट्रीय सुरक्षेला धोका ठरवला, ऑगस्ट १९८९ मध्ये कोलंबियातले राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गालान यांची हत्या झाली, २ डिसेंबर १९९३ ला कोलंबियातल्याच मेडेयीन शहरात कोकेनमाफिया पाब्लो एस्कोबार मारला गेला. पण अमेरिकी सैन्याचा त्यात नेमका वाटा किती, परवानगी कुणाची, हे नीट सांगणारं पुस्तक सुचवाल का? मराठीत असेल तर उत्तमच, इंग्रजीही चालेल. एस्कोबारची आरती ओवाळणारं मात्र नको, तसली वेबसिरीज बघून झालीय.

आणि हो, या कादंबरीचा नायक जॅक रायन, त्याच्या आधीच्या कादंबऱ्या न वाचता हीच आधी वाचली. काही महत्त्वाचं निसटलं का?