मदत हवी आहे: ही समुद्री गोगलगाय कोणती? (नाव आजच हवंय)

शिंपला:
ओहोटीला खडकांतल्या डबक्यात सापडली. काळपट-तपकिरी, पाठीवर शंख नाही. नेटवर सगळ्या रंगीबेरंगी दिसतात, ही आपली मातकट. उद्या प्रोजेक्ट द्यायचंय. फोटो जोडलाय.

खेकडोबा:
फोटोत तुमचा अंगठा आणि चिखल दिसतोय. लांबी किती? पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा झुबका आहे?

नीलकांती:
ग्लॉकस! पाण्यावर उलटा तरंगतो, विषारी शिकारीचे डंख स्वतःच्या अंगात साठवतो. हात लावू नका!!

खेकडोबा:
अहो, ग्लॉकस निळा असतो. वरचं वाचा तरी.

दर्यासारंग:
कडा कागदासारख्या पातळ असतील तर ती गोगलगायच नाही, चपटकृमी.

शिंपला:
पातळ कुठली, चांगली वीतभर आणि जाडजूड आहे. झुबका नाही. डोक्यावर सशाच्या कानांसारखं काहीतरी. हो, बादलीत ठेवल्यावर पाणी जांभळं झालं, ते लिहायचं राहिलं.

खेकडोबा:
राहिलं?! तेच तर मुख्य. समुद्री ससा आहे हा.

जुनाखोड:
अ‍ॅप्लिसिया. समुद्री सशांचाच एक प्रकार. डोळे झाकून लिहा. मेंदूशास्त्रज्ञ कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं, त्यांचं स्मृतीवरचं काम याच प्राण्यावर झालं. आमच्या वेळी हे पाठ असायचं.

खेकडोबा:
डोळे झाकूनच घोळ होतात. जांभळी शाई डोलाबेला हा दुसरा समुद्री ससाही सोडतो. शिंपला, मागचं टोक बघा: शेपटीसारखं निमुळतं की तिरकं कापल्यासारखं?

काचपेटी:
टाकीत ठेवणार असाल तर पंपाच्या तोंडाला जाळी लावा. खायला शेवाळ भरपूर लागतं, नाहीतर उपाशी मरतो. माझा तसाच गेला.

शिंपला:
पाळायचा नाहीये हो, नाव हवंय! मागे तिरकं कापल्यासारखं आहे, बशीसारखं चपटं. अंगभर मऊ काटे.

खेकडोबा:
मग डोलाबेला ऑरिक्युलारिया. 'बाह्य लक्षणांवरून' असं मात्र लिहा. आत छोटं कडक कवच असतं, ते चाचपायला दाबू नका. आणि जांभळ्या पाण्यात ठेवू नका त्याला, होता तिथे सोडून या.

दर्यासारंग:
याच्यातून मिळालेल्या डोलास्टॅटिन या रसायनावरून पुढे कर्करोगाच्या औषधातला घटक बनवला. मुळात ते तो खातो त्या सायनोबॅक्टेरियाचं (नील-हरित जीवाणूंचं) निघालं, ही गंमत.

जुनाखोड:
तरी मला अ‍ॅप्लिसियाच वाटतो.

शिंपला:
सोडून आलो. धन्यवाद. बोटं अजून जांभळी आहेत, काय लावू?