फीडबॅकला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मासुंदाकाठ

मंडळी, एका ओळीवर अडलोय, मदत करा.

आम्ही ठाण्यातले सात जण दर दुसऱ्या-चौथ्या रविवारी जमतो आणि एकमेकांच्या पटकथा वाचतो. सगळे हौशी. एक बँकेत, एक औषधविक्रीत, दोघं आयटीत, एकीचं पाळणाघर आहे. कुणाचंही काही अजून पडद्यावर आलेलं नाही. आधी तलावपाळीच्या कट्ट्यावर बसायचो, पण हॉर्नच्या गोंगाटात संवाद ऐकू येईनात, म्हणून आता पाचपाखाडीत एकाच्या हॉलमध्ये बसतो. प्रत्येकाने १५ पानं आधी पाठवायची, बाकीच्यांनी वाचून यायचं आणि मग बोलायचं. हे जे बोलायचं, त्याला आम्ही 'फीडबॅक' म्हणतो.

आता नियमांचा एक कागद करतोय, मराठीत. पहिलंच वाक्य: 'वाचकाने लेखकाला ______ द्यावा.' त्या गाळलेल्या जागेपाशी सव्वा तास गेला. अभिप्राय, प्रतिक्रिया, प्रतिसाद, शेरा, सूचना, मत. जितकी डोकी तितके शब्द.

नुसता शब्दाचा हट्ट असता तर सोडून दिलं असतं. पण गेल्या खेपेला माझ्या १५ पानांवर मला मिळालं ते एवढंच: 'छान जमलंय, फक्त पकड थोडी कमी वाटली.' या 'पकडी'चं काय करायचं ते दोन आठवडे झाले तरी कळत नाहीये. शब्द नेमका सापडला तर काय द्यायचं हे देणाऱ्यालाही कळेल, असं आपलं मला वाटतं.

लोकलप्रवासी

फीडबॅकच म्हणा की. टेबल, पेन, रिक्षा चालतात, यानेच काय घोडं मारलंय? पुल्लिंगी आहे, 'द्यावा'शी जुळतोही.

खडू-फळा

मी नेरूळची. बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवण्यात नोकरी गेली. आमच्याकडे याला 'प्रत्याभरण' म्हणतात. हसू नका, दिसतो तितका वाईट शब्द नाही. मूळ इंग्रजी शब्द यंत्रवाल्यांचा. यंत्रातून जे बाहेर पडतं त्यातलं थोडं परत आत सोडायचं, म्हणजे पुढचं काम त्यावरून सुधारतं, नाहीतर बिघडतं. माइक स्पीकरसमोर धरला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते ना, तोही फीडबॅकच.

शब्द नको असेल तर राहू द्या, पण त्यामागची पद्धत घ्या. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे शिकाऊ शिक्षकाने छोटासा पाठ घेऊन सराव करण्याचा प्रकार, १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाला. आपल्याकडे त्याचं चक्र ३६ मिनिटांचं असतं: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटं पुनर्नियोजन, मग ६ मिनिटं पुन्हा पाठ आणि ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. बोलायला ६ आणि दुरुस्तीला १२, हे प्रमाण बघून ठेवा. दुसरं म्हणजे एका वेळी एकच कौशल्य. निरीक्षक मागच्या बाकावर तक्ता घेऊन बसतो. त्या दिवशी प्रश्न विचारण्याचं कौशल्य असेल, तर फळ्यावरचं अक्षर कितीही वाकडं असो, त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. फार जड जातं हो हे. माझ्या विद्यार्थिनी ओठ चावून बसायच्या. पण ज्या मुलीला एकदम नऊ चुका सांगितल्या, तिने दुसऱ्या पाठात नऊच्या नऊ पुन्हा केलेल्या मी पाहिल्यात.

मासुंदाकाठ

बाई, एका वेळी एकच गोष्ट हा नियम उचलला. शब्दाचं मात्र जमेना. पाळणाघरवाली म्हणाली, प्रत्याभरण म्हटलं की दारात गॅसचा सिलिंडर आल्यासारखं वाटतं.

फाइलबहाद्दर

सरकारी नोकरीत केस पांढरे केले, त्या जोरावर सांगतो: 'शेरा' अजिबात घेऊ नका. अरबी-फारसीतून दफ्तरात आला आणि दफ्तरातच मुरला. फाइलच्या समासात साहेब लिहितात तो शेरा. 'चर्चा करावी.' 'नियमानुसार कार्यवाही व्हावी.' आणि शेरा मारतात, देत नाहीत. मारणारा घरी जातो, खालचा कारकून अर्थ लावत बसतो. तुमचं 'पकड कमी वाटली' हा अस्सल शेरा आहे.

'दाद'ही नको. फारसी शब्द, मूळ अर्थ न्याय. म्हणून कोर्टात दाद मागतात आणि मैफलीत दाद देतात. लेखक तोंडाने म्हणतो 'वाचून सांगा', मनातून दाद मागत असतो, दोन्ही अर्थांनी. तसं असेल तर आधीच सांगावं. समोरचा चहा पिऊन, पाठ थोपटून जाईल, कुणाचा रविवार फुकट जाणार नाही.

'टीका' बिचारी उगाच बदनाम झाली. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवर केली ती टीकाच. मूळ ग्रंथ उलगडून दाखवणं हा तिचा अर्थ. आता 'टीका केली' म्हणजे जोडे हाणले, एवढंच उरलंय. तो जुना अर्थ तुमच्या हॉलमध्ये परत येईल असं काही मला वाटत नाही.

कोपरखैरणेकर

'प्रतिक्रिया'बद्दल. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली प्रतिक्रिया आठवा. ती ठरवून देता येत नाही, होते. टीव्हीवाले माइक पुढे करून 'तुमची प्रतिक्रिया?' विचारतात तेव्हा त्यांना मिळतं ते मत.

आमचाही एक गट होता वाशीत, आता मोडला. तिथे मोठ्याने वाचन असलं की मी कागदाकडे बघायचोच नाही, ऐकणाऱ्यांकडे बघायचो. कुठे हसले, कुठे कुणी हळूच मोबाइलवर वेळ पाहिली, कुठे दोघांना एकदम चहाची आठवण झाली. त्या त्या सीनच्या आकड्यापुढे पेन्सिलीने टिंब. नंतर तेच लोक गोड बोलायचे, पण टिंबं खोटं बोलत नसत.

जाता जाता एक: पानाचा आकडा सांगूच नका, सीनचा सांगा. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा इंग्रजी पटकथेचा हिशोब १२ पॉइंटच्या कुरिअर टायपावर बसवलेला. देवनागरीत फॉन्ट बदलला की पानं बदलतात. माझ्या लॅपटॉपवरचं नववं पान दुसऱ्याच्या फोनवर अकरावं असायचं. आमच्या गटातली निम्मी भांडणं या नवव्या पानावरून झाली.

अडगळीतली पोथी

अभिप्राय घ्या. का, ते सांगते.

अभि, प्र आणि 'इ' हा धातू. 'इ' म्हणजे जाणे. मन ज्या दिशेला चाललंय तो अभिप्राय. संस्कृतात त्याचा अर्थ हेतू, आशय, म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते. 'मत' हा अर्थ आपल्याकडे आता पक्का बसलाय. पण जुना अर्थ 'अभिप्रेत'मध्ये जिवंत आहे. 'कवीला काय अभिप्रेत आहे?' हा प्रश्न शाळेत आपण सगळ्यांनीच सोडवलाय, बहुतेकांनी गाइडात बघून.

म्हणजे एकाच धातूच्या दोन लेकी. अभिप्रेत लेखकाच्या घरी, अभिप्राय वाचकाच्या घरी. मग वाचकाने 'आवडलं' किंवा 'नाही आवडलं' एवढ्यावर का थांबावं? 'तुला असं असं म्हणायचंय, असं मला वाटलं', हे त्याने सांगावं. लेखकाला आपलं अभिप्रेत आधीच ठाऊक असतं. त्यामुळे ते कागदावर उतरलंय की डोक्यातच राहिलंय, हे त्याला काही केल्या दिसत नाही. ते दुसऱ्यालाच दिसतं.

फाइलबहाद्दर

पटलं. दफ्तरातही फरक असाच आहे. शेरा वरून खाली येतो. अभिप्राय मागवावा लागतो: 'विधी विभागाचे अभिप्राय घ्यावेत.' आणि तो कारणांसकट द्यावा लागतो.

मासुंदाकाठ

ताई, तुमचं वाचलं आणि रात्री सहाही जणांना मेसेज टाकला. 'आवडलं का' असं मुद्दाम विचारलं नाही. विचारलं, 'सीन १४ मध्ये काय घडलं?'

सीन असा होता: रात्रीची वेळ. नवरा झोपलाय. ती त्याचा जेवणाचा डबा घासायला घेते. हात थांबतो. न घासताच डबा ओट्यावर ठेवते आणि दिवा मालवते.

उत्तरं आली. ती दमलीय. दोघांचं भांडण झालंय. नळाचं पाणी गेलंय (हे पाळणाघरवालीचं, त्यांच्या इमारतीत पाण्याची वेळ असते). त्याने डबा खाल्लाच नाही. उरलेल्या दोघांना सीन आठवतच नव्हता.

माझ्या मनात काय होतं सांगू? त्या डब्याच्या बुडावर दुसऱ्याच घरचं नाव कोरलेलं आहे. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून घेतात ना, तसं. दुसरीकडे कुठेतरी डब्यांची अदलाबदल झालीय आणि त्यावरून तिला सगळं कळतं. अख्खी पटकथा या एका सीनवर उभी आहे आणि ते नाव मी लिहिलेलंच नव्हतं! पुन्हा पुन्हा वाचलं, स्क्रीनवर शोधलं, 'कोरलेलं' हा शब्द कुठेही नाही. तीन महिने मला तो डबा उलटा दिसत होता.

'पकड कमी' म्हणणाऱ्यालाही बहुधा इथेच ठेच लागली असणार. त्याने शेरा मारला आणि मी दोन आठवडे भलत्याच सीनचे संवाद तासत बसलो.

कोपरखैरणेकर

मग नाव राहून गेलंय हे सांगितल्यावर किती जणांनी लगेच औषध दिलं?

मासुंदाकाठ

तिघांनी. एक म्हणतो फोन वाजू दे, त्यावर दुसरीचं नाव येऊ दे. दुसरा म्हणतो शेजारीण येऊन सांगेल. तिसऱ्याला फ्लॅशबॅक हवाय.

अडगळीतली पोथी

या झाल्या 'सूचना'. 'सूच्' म्हणजे खूण करून दाखवणे. संस्कृत नाट्यशास्त्रात जे रंगमंचावर प्रत्यक्ष आणायचं नाही, नुसतं सुचवायचं, त्याला 'सूच्य' म्हणत. युद्ध, मरण वगैरे. आता सूचना म्हणजे जवळजवळ हुकूमच झालाय, 'प्रवाशांसाठी सूचना'सारखा. तुमच्या तिघांच्या सूचना तिन्ही टाकाऊ असतील, मला फोनवाली तर अगदीच रद्दी वाटली, पण तिघांचंही बोट सीन १४ वरच आहे, हे लक्षात घ्या.

लोकलप्रवासी

देण्याचे शब्द झाले, घेण्याचे काय? मराठीत ऐकून घेतात, मनावर घेतात, अंगाला लावून घेतात. आमच्या ऑफिसात तर थेट खुलासा मागवतात.

खडू-फळा

बरं आठवलंत. 'खुलासा' अरबी, मुळात सार, निचोड. आपल्याकडे स्पष्टीकरण झालं. लेखकाने सगळे बोलून होईपर्यंत खुलासा करायचा नाही, हे कागदावर ठळक लिहा. पहिल्या वाचकापाशी 'अहो, तिथे नाव कोरलंय' असं बोलून गेलात की पुढच्या पाचही जणांना डब्याचं बूड आधीच दिसणार. त्यांचं पहिलं वाचन वाया गेलं, ते काही परत मिळत नाही. थिएटरात प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन कानात सांगणार आहात का? मुकाट्याने टिपून घ्यावं. चिमणी दाणे टिपते तसं. खडे कुठले ते घरी गेल्यावर निवडा.

लोकलप्रवासी

आणि एक भाबडी शंका. एवढ्या लोकांना पानं पाठवायची, कल्पना चोरली गेली तर? माझा एक मित्र छापील प्रत समोर बसवून वाचायला देतो आणि उठताना पानं मोजून परत घेतो.

फाइलबहाद्दर

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण मांडणीला आहे, नुसत्या कल्पनेला नाही. एका नाटकावरून सिनेमा उचलल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच सांगितलं. तेव्हा कल्पना चारचौघांत सांगत फिरण्यापेक्षा पटकथा पुरी लिहावी, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावी आणि मग बिनधास्त वाचायला द्यावी. पानं मोजून परत घेणाऱ्याला अभिप्राय कोण देणार? फार तर दाद मिळेल.

मासुंदाकाठ

कागद झाला एकदाचा. पहिलं वाक्य असं ठरलं: 'वाचकाने लेखकाला अभिप्राय द्यावा, म्हणजे काय समजलं आणि कुठे अडलं ते सीनच्या आकड्यासह सांगावं.' त्याखाली: 'सूचना मागितल्यासच. खुलासा सर्वांत शेवटी.' बँकवाल्याने विचारलं, 'आणि आवडलं तर सांगायचंच नाही का?' त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी 'कुठलं आवडलं तेही सीनच्या आकड्यासह' अशी ओळ वाढवली.

सीन १४ मध्ये तिघांपैकी एकही औषध घेतलं नाही. दोन ओळी बदलल्या: 'मांडणीवर सासूच्या नावाची भांडी. ती डबा उलटा करते, बुडाला दुसरीच अक्षरं.'

काल हॉलमध्ये मोठ्याने वाचन होतं. कोपरखैरणेकरांचं ऐकून मी कागद मांडीवर उपडा ठेवला होता. पाळणाघरवाली कोपऱ्यात चहा गाळत होती. गाळणं तसंच हातात धरून म्हणाली, "अगंबाई, कुणाचा गं डबा हा?"

पेन्सिल नेली नव्हती. बँकवाल्याचं पेन घेऊन टिंब दिलं.