एच-१ रजिस्टर जुळत नाही, तातडीने मदत हवी

नवा_फार्मासिस्ट: नुकताच एका मेडिकलला लागलोय. एच-१ रजिस्टर, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या आणि विक्रीची नोंद सक्तीची असलेल्या औषधांची वही, आणि स्टॉक यांचा मेळ बसत नाही. तपासणी कधीही येईल. रजिस्टर मागून भरता येतं का? लवकर सांगा.

कोकणी_केमिस्ट: किती पानं कोरी आहेत? कुठली औषधं? विक्रीची बिलं आहेत का?

नवा_फार्मासिस्ट: अल्प्राझोलम, ट्रॅमाडॉल. गणपतीनंतरची सगळी पानं कोरी. मी तेव्हा इथे नव्हतो. बिलं आहेत. मालक म्हणतात, एका रात्रीत बसून भरून टाक आणि सही कर.

बिलिंगवाला: सॉफ्टवेअरमध्ये डॉक्टरचं नाव सक्तीचं करा. ते टाकल्याशिवाय बिलच निघत नाही. आमच्याकडे वही कधीच सुटली.

काका_मेडिकल: सॉफ्टवेअर पुढचं झालं, त्याचा प्रश्न मागचा आहे. एच-१ची नोंद विक्रीच्या वेळीच करायची असते: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, नग. रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. मागच्या तारखा टाकून सही अजिबात करू नकोस. एकाच पेनाने, एकाच दाबाने लिहिलेली पानं बघितली की कुणालाही कळतं.

बिलिंगवाला: काका, वहीतही खाडाखोड होतेच की.

क्षय_मित्र: टीबीची औषधंही एच-१मध्येच येतात. रिफाम्पिसिन विकलं की २०१८पासून पेशंटची माहिती सरकारला कळवावी लागते, हे बरेच जण विसरतात.

सुनीता_ताई: माझ्या आईला चिठ्ठी असूनही झोपेची गोळी देत नाहीत. हा कुठला नियम?

कोकणी_केमिस्ट: ताई, चिठ्ठीवर तारीख आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का बघा, आणि वेगळा धागा काढा. नवा_फार्मासिस्ट, बिलांवर डॉक्टरचं नाव आहे ना?

नवा_फार्मासिस्ट: निम्म्यांवर नुसतं ‘कॅश’.

काका_मेडिकल: मग ती नावं मनाने घालू नकोस, एकही नाही. बिलात जेवढं आहे तेवढंच आजच्या तारखेने, बिल नंबरासह, ‘उशिरा नोंद’ असा शेरा मारून लिही. आजचा स्टॉक मोज, मालकांसमोर कागद कर, त्यांची सही घे. ट्रॅमाडॉल २०१८पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. तिथे तूट निघाली तर प्रकरण वहीपुरतं राहत नाही, मालकांना आधी वकील गाठायला सांग.

नवा_फार्मासिस्ट: मालक सही देत नाहीत म्हणाले तर?

काका_मेडिकल: तर मोजणी त्यांना ईमेलने पाठव. आणि दुसरी नोकरी बघ, पोरा.